घाऱ्या सुधारला काय?

गेल्या पंधरवड्यात मी तीन गोष्टी बघितल्या आणि तिन्हींचा मला काही पत्ता लागला नाही. पहिली आठ भागांची मालिका, सुनेनं लावून दिलेली. डोंगरातलं एक गाव, तिथं खून झालेला आणि पोलिसातली एक बाई तपास करत हिंडते. सगळं इतक्या अंधारात चाललेलं की मी दोनदा उठून टीव्हीचा उजेड वाढवून बघितला. त्या गावात कुणी मोठ्यानं बोलतच नाही. खून झाला तरी कुजबुजतात. आमच्याकडं म्हैस सुटली तरी अख्खी गल्ली गोळा होते! शेवटी ती बाई तळ्याकाठी उभी राहून पाण्याकडं बघते आणि पडद्यावर नावं पळायला लागतात. खून कुणी केला, म्हणून विचारलं तर सून म्हणाली, "मम्मी, ते आपण ठरवायचं असतं." मीच ठरवायचं होतं तर आठ भाग मला बसवून कशाला ठेवलं? दुसरी गोष्ट म्हणजे रोज संध्याकाळची मालिका. तिच्यातली सासू सकाळी उठते तीच भरजरी साडीत, आणि गेले काही आठवडे ती एकाच जिन्यावर उभी राहून दचकते आहे. तिसरा होता सिनेमा, तो शेवटापासून सुरू होऊन मागं मागं जातो. मी मध्येच चहा टाकायला उठले, परत येऊन बघते तर मघाशी मेलेला माणूस मुंडावळ्या बांधून लग्नाला निघालेला. आमचे हे माझ्या शेजारी बसून शेंगा फोडत सगळं बघत होते. "तुम्हाला काही कळलं का?" असं मी विचारलं. "न्हाय बा," म्हणाले, आणि टरफलं गोळा करायला लागले. हे उत्तर मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे.

सिनेमा न कळण्याची माझी ही तऱ्हा जुनीच. गंमत अशी, की एके काळी माझ्या माहेरी, गडमुडशिंगीतल्या आमच्या गल्लीला सिनेमा समजावून सांगायचं काम माझ्याचकडं होतं. आमच्या घरात गल्लीतला पहिला टीव्ही आला, सरकत्या लाकडी दाराचा. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो पुढच्या सोप्यात मांडला आणि वर आईची जुनी चोळखणाची पट्टी घातली. रविवारी संध्याकाळी हिंदी पिक्चर लागायचा. मी बसनं शहरात, शाहूपुरीतल्या शाळेत जात होते, तिथं मला हिंदी शिकवत होते, आणि एवढ्या भांडवलावर माझी दुभाषी म्हणून नेमणूक झाली. टीव्हीच्या बाजूला भिंतीला पाठ लावून मी बसायची आणि पडद्यावरचं माणूस बोललं की ते आमच्या बोलीत सांगायची. तोंड बायकांकडं असल्यानं मला पडदा तिरकाच दिसायचा. बऱ्याच वेळा नट काय म्हणाला ते कळायचं नाही. मग त्याच्या आवाजावरून अंदाजानं काहीतरी सांगून मोकळी व्हायची. बायकांची कधी तक्रार नव्हती.

रविवारी आमच्या घराचं सगळं वेळापत्रक त्या पिक्चरच्या मागं धावायचं. दुपारी मटण असायचं, त्याचा पांढरा रस्सा रात्रीसाठी राखून ठेवलेला असायचा आणि खोबऱ्याचा, मिऱ्याचा वास संध्याकाळपर्यंत सोप्यात रेंगाळायचा. धारा लवकर उरकायच्या असायच्या, पण म्हशीला रविवार कसा कळणार? ती पान्हा चोरायची. आई तिच्या पाठीवर थापट्या मारत, "सोड की ग बाई, पिक्चरच्या पाट्या सुरू हुत्यात," अशी अजिजी करायची. आबा कौलांवर चढून अँटेना फिरवायचे. "आलं का?" "न्हाय, मुंग्या हाईत!" "आता?" "आलं, आलं, गेलं!" ही आरडाओरड ऐकूनच बायका पाट्या-सुपं टाकून यायला लागायच्या. शेजारच्या चंपाकाकू जैन. आमच्याकडं मटण शिजलेलं असायचं म्हणून त्या रविवारी उंबरा ओलांडायच्या नाहीत. दिवस असतानाच जेवून त्या यायच्या आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून खिडकीतून बघायच्या. खिडकीतून त्यांना अर्धाच पडदा दिसायचा. त्या मात्र शेवटपर्यंत हलायच्या नाहीत.

पिक्चर संपला की लगेच कुणी उठायचं नाही, असा आबांचा दंडक होता. दूध संस्थेच्या सभेत अध्यक्ष विचारतात तसं ते विचारायचे, "हां, बोला. कसा वाटला?" पाहुणा असेल तर मान पाहुण्याचा, मग बाकीचे. बायकांनीसुद्धा बोलायचं. आबांचं स्वतःचं मत ठरलेलं असायचं: "हिरोला रान न्हाय, जनावर न्हाय, मग गडी दिसभर करतोय काय?" आई म्हणायची, एवढ्या मोठ्या घरात भाकऱ्या कोण बडवतं ते काही दाखवलं नाही. आणि खिडकीतून चंपाकाकू विचारायच्या, "त्यो म्हातारा कवा मेला ओ? माज्याकडं आलाच न्हाय." मग त्यांच्या बाजूला न दिसलेला पिक्चर आम्ही त्यांना सांगायचो. माझ्या आयुष्यात मी पुढं बरेच जाणकार लोक सिनेमावर बोलताना ऐकले. त्या सोप्यातल्याइतकं मन लावून भांडणारं कुणी बघितलं नाही.

एका पावसाळ्यानंतर मालनआत्ती आमच्याकडं राहायला आली. आबांची धाकटी बहीण. तिला दिली होती सीमेकडच्या एका गावात, तंबाखूची शेती असलेल्या घरात. आली ती एका पिशवीनिशी, आणि डावं मनगट वाकडं बसलेलं. कसं मोडलं ते तिनं सांगितलं नाही. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि घरात कुणी तो विषय काढत नव्हतं. भाकरी थापताना ती डावा हात कोपरापासून फिरवायची, त्यामुळं तिच्या भाकरीला एका बाजूला जाड काठ यायचा. मला तो काठ आवडायचा. दुधात कुस्करायला छान. तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या मामांना, तिला परत न्यायचं होतं. निरोपावर निरोप येत होते. आबा म्हणायचे, "तू म्हणशील तसं, मालन," आणि मग दिवसभर बैलांवर ओरडायचे. आई म्हणायची, "एकडाव जाऊन बघ." गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बाईनं माहेरी किती दिवस काढायचे. आत्ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. ती म्हशी बघायची आणि रविवारी पिक्चर बघायची.

आता घाऱ्याबद्दल सांगायला हवं. घाऱ्या हा एक नट. त्याचे डोळे घारे होते म्हणून गल्लीनं त्याला हे नाव ठेवलेलं. आत्ती आल्यानंतरच्या पहिल्याच पिक्चरमध्ये घाऱ्या दारू पिऊन बायकोला जिन्यावरून ढकलतो. सगळ्या बायका त्याला शिव्या घालत होत्या, आत्ती तेवढी गप्प होती. पुढं एका रविवारी घाऱ्या रिक्षावाला झाला, आंधळ्या बहिणीला वाढवणारा. मग आणखी एका पिक्चरमध्ये तो म्हातारा होता आणि अंथरुणाला खिळलेल्या बायकोचे केस धुऊन देत होता. त्या रविवारी आबांनी "बोला" म्हटल्यावर आत्ती पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, "सुदारला की ह्यो."

कुणी हसलं नाही. उलट बायकांनी माना हलवल्या. आमच्या गल्लीत हे असंच होतं. या आठवड्यातला नट मागच्या आठवड्यात काय करून बसला ते कुणी विसरत नसे. एकदा खलनायक झालेला माणूस पुढं देवळात पुजारी म्हणून दिसला तर "आता घंटा बडीवतोय बघा" असं म्हणत. मी शाळेत जाणारी, मला हे फार खटकायचं. दुसऱ्या दिवशी गोठ्यात मी आत्तीला समजावलं, की हे पिक्चर वेगवेगळे असतात, आधी कुठला काढला नंतर कुठला काही ताळमेळ नसतो, म्हातारपणाचा आधीसुद्धा काढलेला असू शकतो.

"व्हय, ठावं हाय की मला," ती शेण भरत म्हणाली. "म्या काय खुळी हाय?"

"मग सुधारला कसं म्हणतेस?"

"सुदारला न्हाय का? तूच सांगितलंस की, कसा बोलत हुता बायकूला." पाटी डोक्यावर घेऊन ती निघाली आणि दारात थांबली. "संगे, मानूस असा बदलत असंल का गं?"

मला वाटलं ती घाऱ्याचं विचारते आहे, मग वाटलं मामांचं विचारते आहे. तिला दोन्हींतला फरक ठाऊक होता की नव्हता, याचा उलगडा मला तेव्हा झाला नाही आणि खरं सांगायचं तर अजूनही झालेला नाही.

त्याच आठवड्यात तिनं आबांना सांगितलं, "दादा, यिऊ दे त्यास्नी. मी जातो नांदायला. पर ऐतवारीच या म्हणावं, सांजच्याला." आबांना इतकं हलकं वाटलं की ते लगेच निरोप द्यायला गेले. आईनं तिच्यासाठी नवं लुगडं काढलं. मला मात्र राग आला होता. केस धुणाऱ्या एका नटामुळं माझी आत्ती परत जाते आहे असं मला वाटत होतं, आणि तो केस धुण्याचा प्रसंग मीच तिला इतका रंगवून सांगितला होता. मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. तिनं माझी वेणी घातली आणि नेहमीपेक्षा घट्ट घातली.

रविवारी दुपार कलताना मामा आले. मी त्यांना राक्षसासारखं काहीतरी समजून बसले होते. आले ते इस्त्रीचं धोतर नेसून, हातात पेढ्याचा पुडा, आवाज मऊ. आईला वाकून नमस्कार केला. म्हशीचं कौतुक केलं. माझ्याशी शाळेच्या गोष्टी बोलले, शेंगा सोलून दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मला ते आवडले. आवडले म्हणून स्वतःचीच चीड आली, आणि त्या मनगटाचं काय, असं सारखं डोक्यात येत राहिलं. आत्तीनं वाटेसाठी दुधातल्या दशम्या केल्या होत्या, त्या फडक्यात बांधून पिशवीवर ठेवल्या होत्या. पिशवी दाराशी होती. पिक्चर बघायचा, जेवायचं आणि शेवटच्या बसनं दोघांनी स्टँडवर जायचं, असं ठरलं होतं.

आबांनी अँटेना लावली, मुंग्या गेल्या आणि पडद्यावर घाऱ्या आला. पण तो पूर्वीचा घाऱ्या, काळ्याभोर केसांचा, मिशी नुकती फुटलेला. पिक्चर जुना होता. मी नेहमीच्या जागी बसून सांगायला लागले. मामा बाजेवर पुढं सरकून ऐकत होते, त्यांना हिंदी फारसं येत नव्हतं. मध्यंतराच्या जरा पुढं घाऱ्या उशिरा घरी येतो, दारातच चप्पल फेकतो, आणि बायको काहीतरी बोलते. मामांनी मला विचारलं, "ती काय म्हणत्याय, बाळ?" मी सांगितलं, "ती विचारतेय, एवढा वेळ कुठं होतात?" आणि मी हे सांगेपर्यंत घाऱ्यानं तिला मारलं. तोंड बायकांकडं असल्यानं मला ते दिसलं नाही. मला आत्ती दिसत होती. ती पडद्याकडं बघतच नव्हती. ती मामांकडं बघत होती.

पिक्चर संपला. आबांना त्या दिवशी ती रीत टाळता आली असती तर त्यांनी टाळली असती, असं मला वाटतं. पण आत्तीच म्हणाली, "दादा, इचार की. पावण्यास्नी आदी इचार." आबा खाकरले. "हां पावणं, बोला. कसा वाटला?"

मामा मोकळेपणानं हसले. "झ्याक हाय की पिक्चर. पर त्या बाईनं इचारायचं काय कारण हुतं? बापय मानूस दमून आल्याला. गप भाकरी वाडली असती तर हात उठलाच नसता." हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. पावसापाण्याबद्दल बोलावं तसं म्हटलं आणि एक शेंग फोडली.

आबा, जे एरवी हिरोच्या शर्टावरूनही वाद घालायचे, ते टीव्हीची दारं ओढत बसले आणि ती ओढली जाईनात. खिडकीतून चंपाकाकूंनी विचारलं, "काय झालं ओ? कोण कुणाला मारलं? मला दिसलंच न्हाय."

"मला दिसलं, काकू," आत्ती म्हणाली.

ती उठली, ताट घेतलं, पांढरा रस्सा वाढला. मग दाराशी गेली, पिशवीवरचं फडकं सोडलं आणि दशम्या आणून मामांच्या ताटात ठेवल्या. "वाटंसाठी केल्या हुत्या. आता हितंच खावा. पोटभर जेवा," ती म्हणाली, "मी न्हाय येत."

मामांना आधी ते कळलंच नाही. त्यांनी आबांकडं बघितलं, आईकडं बघितलं. "असं काय बोललो म्या?" असं त्यांनी विचारलं, आणि मी शपथेवर सांगते, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा वाट चुकलेल्या माणसासारखा झाला होता. त्यांचं मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी, ते आता उठून जावेत, लवकर जावेत, असंही वाटलं. आत्ती वाढत राहिली. जेवण झाल्यावर आबा त्यांना बसपर्यंत सोडून आले. पाहुणा होता ना. आई स्वयंपाकघरात रडत होती. आत्तीनं उरलेल्या दशम्यांतली एक मला दिली आणि एक स्वतः खाल्ली.

पुढं तिला बोलणारे पुष्कळ बोलले. ती आमच्याकडंच राहिली, म्हशी वाढवल्या, संस्थेत सगळ्यात चांगल्या फॅटचं दूध तिचं जायचं. मी मोठी झाल्यावर एकदा तिला सरळच विचारलं, तू रविवारीच का बोलावलंस? मुद्दाम? ती म्हणाली, "कंचा पिक्चर लागनार मला काय सपान पडलं हुतं? पेपर तर तू वाचत हुतीस." हेही खरं. पिक्चरचं नाव आदल्या दिवशी पेपरात यायचं आणि ते मी तिला वाचून दाखवत असे. त्या शनिवारी दाखवलं होतं का? मी तर तिच्याशी धड बोलतच नव्हते. कितीही आठवलं तरी मला ते आठवत नाही. तिनं घाऱ्यावर विश्वास ठेवून त्यांना बोलावलं आणि त्यानंच ऐनवेळी घात केला, की पहिल्यापासूनच तिला मामांना फक्त त्या बाजेवर बसवून "बोला" म्हणायचं होतं? दोन्ही मला पटतं आणि एकाच वेळी दोन्ही खरं असू शकत नाही. सून म्हणेल, मम्मी, ते आपण ठरवायचं.

माझी स्थळं यायला लागली तेव्हा आत्तीनं एकच अट घातली, बघायचा कार्यक्रम रविवारी संध्याकाळीच. तोवर आमचा टीव्ही रंगीत झाला होता, चंपाकाकूंची खिडकी तीच होती. शाहूपुरीतला मुलगा आला, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला असलेला, सोबत त्याचे वडील. पोहे झाले, चहा झाला आणि आत्तीनं टीव्ही लावला. मुलाचे वडील गोंधळले, पण बसले. पिक्चरमध्ये घाऱ्या होता, आता जाड झालेला. त्यात त्याची बायको दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता एकटीच रडते. शब्द एकही नाही, त्यामुळं मलाही सांगायला काही नव्हतं. नवरी मुलगी म्हणून मी खाली मान घालून बसले होते. माझं काय होणार ते त्या बाजेवर ठरणार होतं आणि हे त्या मुलाला ठाऊकच नव्हतं.

"हां पावणं," आबा म्हणाले, "बोला." वडिलांनी बरंच मोठं भाषण केलं, पूर्वीचे सिनेमे कसे चांगले असायचे वगैरे. मग सगळे मुलाकडं बघायला लागले. तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "मला न्हाय कळला." वडिलांनी त्याला कोपर मारलं. तो तरी म्हणाला, "न्हाय, खरंच. ती बाई का रडत हुती? कुणी इचारलंच न्हाय तिला."

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. "संगे, सांग की त्यास्नी, का रडत हुती ती." सगळ्या गल्लीला पिक्चर सांगत मोठी झालेली मी, मला काही सांगता येईना. कशीबशी मी मान हलवली. आत्ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत जाता जाता आईला म्हणाली, ते सोप्यात आणि बाहेर कट्ट्यावरही सगळ्यांना ऐकू गेलं, "वैनी, ताटं घ्या. ह्यो इचारतोय तरी."